लुटुपुटीचा बाजार आणि खरी पाटी

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडते आणि पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात. काही अंगणवाडीत दोन-तीन वर्षे काढून आलेली असतात, तर काही थेट घरच्या ओसरीवरून आलेली असतात. पहिल्या पंधरवड्यात त्यांच्याविषयी शिक्षकांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते : "मूल हुशार दिसते, पण वर्गात तोंड उघडत नाही." हेच मूल मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसलेले पाहावे. समोर चार ओळी मांडलेल्या असतात. पाला म्हणजे मेथी, लाल खडे म्हणजे टोमॅटो, खापरीचे तुकडे म्हणजे पैसे. "धा रुपयाला पेंडी, ताजी हाय बगा," अशी त्याची आरोळी आवाराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. गिऱ्हाईक घासाघीस करते, हा नकार देतो, पुन्हा बोलावून घेतो, मोड परत देतो. एवढ्यात घंटा होते. मूल हात झटकून वर्गात येते आणि पुन्हा मुके होते.

चिंचेखाली त्या मुलाने जे केले आणि फळ्यासमोर त्याच्याकडून जे अपेक्षित आहे, त्यांत आपण समजतो तितके अंतर नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे. हे अंतर आपणच वाढवून ठेवले आहे, आणि ते कमी करणे लहान खेड्यातील दोन शिक्षकी शाळेसही साध्य आहे.

खेळ कोणता?

'खेळातून शिक्षण' हा शब्दप्रयोग प्रशिक्षणवर्गांतून इतका वापरला गेला आहे, की त्यात काहीही बसविले जाते. लंगडी, सूरपारंब्या, विटीदांडू हे उत्तम खेळ आहेत, परंतु ते नियमांचे व शरीराचे खेळ होत. अंकांची पत्ती लावणे, चित्र व शब्द यांच्या जोड्या जुळविणे हा खेळाचा वेष घेतलेला अभ्यास आहे. तो वाईट नाही, पण त्यातील उत्तर शिक्षकांनी आधीच ठरविलेले असते. आपला विषय तिसऱ्याच प्रकारचा आहे. भातुकली, बाहुला-बाहुलीचे लग्न, दुकान-दुकान, शाळा-शाळा, डॉक्टर-डॉक्टर, एस. टी.चा खेळ : ज्यात मूल स्वतः ठरविते की हा दगड आता बैल आहे आणि मी आता कंडक्टर आहे. आपल्याकडे यास मुले 'खोटं-खोटं खेळायचं' म्हणतात. हे नाव फार अर्थपूर्ण आहे. दगड हा दगडच आहे हे मुलास पक्के ठाऊक असते, आणि तरीही तो बैल आहे असे ते पूर्ण गांभीर्याने मानते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणे हे लहान काम नव्हे.

ही शक्ती टप्प्याटप्प्याने वाढत जाते. दीड-दोन वर्षांचे मूल रिकामी वाटी तोंडाला लावून पाणी प्याल्याचा आव आणते. तेथे वाटी वाटीच असते. तीन वर्षांच्या सुमारास वस्तू बदलते व काठीचा घोडा होतो. चार-पाच वर्षांचे मूल एकटे न खेळता भूमिका वाटून घेते : "तू आई, मी बाबा, हा कुत्रा." सहाव्या वर्षी खेळाआधी बोलणी होतात, कथानक ठरते, आणि प्रत्यक्ष खेळण्यापेक्षा ठरविण्यातच अधिक वेळ जातो. मोठ्यांना वाटते, मुले उगाच भांडत बसली आहेत. खरे पाहता ती नाटकाची संहिता तोंडी लिहीत असतात.

आता पाटीकडे वळू. 'क' या आकृतीत 'क' असा आवाज कोठेही नाही. '५' या खुणेत पाच वस्तू नाहीत. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी आहे असे सर्वांनी मानले, म्हणून लिपी चालते व गणित चालते. ज्या मुलाने वर्षभर खापरीला रुपया मानले, आणि "तुझी खापरी मोठी आहे, म्हणून ती पन्नासाची नोट" असे दुसऱ्याशी ठरवून घेतले, त्याला एक वस्तू दुसरीच्या जागी मानण्याचा सराव झालेला आहे. पाटीवर येते ती त्याच मानण्याची अधिक नेमकी व सर्वांनी कायम ठरवून दिलेली पायरी.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हायगॉट्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राड येथे दिलेल्या व्याख्यानात याच गोष्टीवर भर दिला होता. काठीचा घोडा करताना मूल प्रथमच वस्तूपासून अर्थ सुटा करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा दुसरा मुद्दा शिक्षकांच्या अधिक उपयोगाचा आहे. कल्पनेचा खेळ मोकळा दिसतो, पण त्यात कडक नियम असतात. कंडक्टर झालेल्या मुलास बसता येत नाही. गिऱ्हाईक झालेल्या मुलास समोरची चिंच तशीच उचलून खाता येत नाही, प्रथम 'पैसे' द्यावे लागतात. वर्गात दोन मिनिटे स्वस्थ न बसणारे मूल खेळात पहारेकरी झाले की दहा मिनिटे जागचे हलत नाही. स्वतःला आवरण्याचा हा अभ्यास बाहेरून लादलेला नसून मुलाने आपखुशीने पत्करलेला असतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण खेळाची महती गाताना अतिशयोक्ती फार होते. कल्पनेच्या खेळाने बुद्धी वाढते, सर्जनशीलता वाढते, सर्व काही वाढते, असे सरसकट सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील अँजेलिन लिलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा अनेक दाव्यांमागील पुरावा कच्चा असल्याचे त्यांना आढळले. भाषा, गोष्ट सांगण्याची शक्ती आणि भावना आवरणे यांच्याशी खेळाचा संबंध दिसतो, पण खेळ हे त्यांचे एकमेव कारण आहे असे म्हणता येत नाही. तेव्हा पालकांपुढे बोलताना चमत्काराची भाषा टाळावी. खेळात मूल भरपूर बोलते, मोजते, ठरविते आणि थांबते, एवढे डोळ्यांनी दिसणारे सत्य पुरेसे आहे.

मतभेदाचा इतिहास

बालशिक्षणाचे सर्व आचार्य या बाबतीत एकमताचे होते असे कोणी समजू नये. जर्मनीत फ्रेडरिक फ्रबेल यांनी १८३७ साली ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली व पुढे तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. खेळ हेच या वयाचे मुख्य कार्य, अशी त्यांची श्रद्धा होती. उलट मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांना असे दिसले की खरे काम हाती मिळाल्यावर मुले बाहुल्यांकडे फिरकेनाशी झाली. खोटा स्वयंपाक करण्यापेक्षा खरी भाजी निवडणे मुलास अधिक आवडते, असे त्यांचे मत बनले. आणि लहान वयात अद्भुत कल्पनांत मुलांना गुंतवू नये असेही त्या सांगत. या मतात तथ्य आहे. आपल्या खेड्यांतील मूल घरी खरी शेरडे राखते, खरे पाणी भरते, धाकट्या भावंडाला खरोखर सांभाळते. त्याला कामाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो त्या कामाकडे दुरून पाहण्याचा, ते पुन्हा मांडून त्याविषयी बोलण्याचा. तो खेळात भरून निघतो, आणि म्हणून या एका मुद्द्यावर माँटेसरींचे मत आपल्या परिस्थितीस जसेच्या तसे लागू पडत नाही, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आपल्याकडील कार्यकर्त्यांपुढेही उभा राहिला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. माँटेसरींची साधने व शिस्त स्वीकारूनही त्यांनी गोष्टी, लोकगीते व नाट्य यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. त्यांच्या सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या. नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली स्थापन झाला होता. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातील बालमंदिराची महागडी लाकडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी बांबू, बिया, शिंपले, पाने, खडे, माती यांतूनच साधने घडविली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीतील अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथे आकारास आली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर ते नाव देशभर गेले. १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर हलले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली : गुरे चरत आहेत आणि गुराख्यांची शाळा त्याच कुरणात भरली आहे.

सातारा-सांगलीच्या शिक्षकास कोसबाद दूरचे वाटेल. सह्याद्रीचा तो उतार वेगळा, भाषा वेगळी. परंतु आटपाडी, जत, माण, खटाव या भागांत मेंढरांमागे जाणाऱ्या धनगर कुटुंबांतील मुले ज्या शाळांत येतात, त्यांना कुरणशाळेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. शिवाय आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण हाताशी आहे. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापिली व तिची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा चालू झाली. मुळाक्षरे 'अ'पासून ओळीने घोकविण्याऐवजी निवडक अक्षरांचे लहान गट घ्यावे, त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचता यावे आणि मुलाचे स्वतःचे बोलणे आरंभापासून वर्गात यावे, ही तेथील वाचनपद्धती पुष्कळ शिक्षकांच्या परिचयाची आहे. मुलाचे बोलणे वर्गात यावयाचे, तर ते ज्या ठिकाणी सहज उमटते ते ठिकाणही वर्गात यावयास हवे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये वय ३ ते ८ हा सलग पायाभूत स्तर मानला गेला आहे. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एकच टप्पा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'जादुई पिटारा' ही खेळसाहित्याची पेटीही प्रसिद्ध केली. पेटी मिळाली असल्यास तिचा उपयोग अवश्य करावा. मात्र ती कपाटात कुलूपबंद ठेवावयाची असेल, तर तीपेक्षा चिंचोक्यांनी भरलेला पत्र्याचा डबा शतपटींनी बरा.

एक खेळ : बाजार

सर्व खेळांची यादी देण्यापेक्षा एकच खेळ नीट उलगडून पाहू. बाजाराचा खेळ निवडण्याचे कारण असे, की आठवड्याचा बाजार न पाहिलेले मूल या दोन जिल्ह्यांत सापडणे कठीण.

साहित्य थोडे लागते. करवंट्या, चिंचोके, निरनिराळ्या आकाराचे खडे, मक्याची बुरकुंडे, काड्यापेटीची खोकी, जुनी पिशवी, दोन करवंट्या व काठी यांची तागडी, आणि पाठकोरे कागद. टोमॅटो हुबेहूब टोमॅटोसारखाच दिसला पाहिजे, असा हट्ट नको. प्लास्टिकची तयार फळे मुलांना दोन दिवस आकर्षित करतात. पण केळे हे केळेच राहते, त्याचे दुसरे काही होऊ शकत नाही. खडा मात्र आज बटाटा, उद्या साबणाची वडी आणि परवा औषधाची गोळी होतो.

वेळ किमान चाळीस मिनिटांचा असावा. हे अनेकांस जास्त वाटेल. पण पहिली दहा-बारा मिनिटे "तू कोण, मी कोण" यात जातात, आणि वीस मिनिटांनी घंटा झाली तर खेळ सुरू होण्यापूर्वीच संपतो. हाच खेळ आठ-दहा दिवस चालू द्यावा. पहिल्या दिवशी सर्वांनाच विकावयाचे असते व गिऱ्हाईक कोणीच नसते! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांच्याच ध्यानात येते की असा बाजार चालत नाही. त्यांना ते कळेपर्यंत शिक्षकांनी थांबावे. "अरे, कोणीतरी गिऱ्हाईक व्हा ना," असे आपण सांगून टाकले, तर एक चांगला शोध मुलांच्या हातून निसटतो.

मग शिक्षकांनी करावयाचे काय? एक तर पाहावे. दुसरे, खेळ एकाच जागी फिरू लागला, तर एखादी भूमिका घेऊन आत शिरावे, आणि काम झाले की बाहेर पडावे. समजा, चार दिवस नुसतीच देवघेव चालली आहे. गुरुजी किंवा बाई पिशवी घेऊन येतात व म्हणतात, "ग्रामपंचायतीकडून आलो आहे. बाजाराची पट्टी भरली का? पावती दाखवा." येथून खेळ एकदम निराळे वळण घेतो. पावती म्हणजे कागद. कागदावर काहीतरी लिहिलेले पाहिजे. ज्या मुलास अक्षर येत नाही तेही गंभीर चेहऱ्याने नागमोडी रेघ ओढते व फाडून देते. ही रेघ हसण्यावारी नेऊ नये. लिहिलेल्या खुणेमुळे दुसऱ्यास काही कळते, पैसे दिल्याचा तो पुरावा असतो, हे त्या मुलास उमगले आहे. लेखनाचे प्रयोजन त्याला समजले आहे, आता अक्षरे समजावयाची तेवढी उरली आहेत. दोन दिवसांनी पावतीवर रेघेऐवजी नावाचे पहिले अक्षर येते, मग आकडा येतो. कोणीतरी हरकत घेतेच : "ह्यानं पाच लिवलंच न्हाई, उलटा दोन काडलाय!" हे शुद्धलेखन तपासणारे पंच आपल्यापेक्षा कडक असतात.

गणिताचे तर विचारूच नये. वाटा घालणे म्हणजे समान भाग करणे. तागडी कोणत्या बाजूला झुकली हे पाहणे म्हणजे तुलना. दहाची नोट देऊन सातचा माल घेतला तर मोड किती, ही वजाबाकी. आणि येथे ती चुकली तर फळ्यावरील तांबड्या फुलीऐवजी गिऱ्हाइकाची आरडाओरड ऐकावी लागते. मात्र खेळ रंगात आला असता मध्येच थांबवून "बरं, मग दहातून सात गेले किती?" असे विचारण्याचा मोह आवरावा. तो प्रश्न विचारताच बाजार उठतो आणि परीक्षा बसते. तीच उदाहरणे दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्यावर घ्यावी. "काल शेवंताने दहाची नोट दिली होती," असे म्हणताच साऱ्या वर्गाचे कान टवकारतात.

भाषेच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. खेळात मूल घरची बोली बोलते : 'हाय', 'न्हाई', 'म्या', 'पायजे'. ती तेथे दुरुस्त करू नये. बाजारात ती शोभते. परंतु हेच मूल डॉक्टर, तलाठी किंवा बँकेचा साहेब झाले, की त्याची भाषा आपोआप बदलते. "आपलं नाव काय? जीभ दाखवा. हे औषध जेवणानंतर घ्यायचं आहे." कोणी शिकविलेले नसताना ते प्रमाणभाषेचा पोषाख चढविते, कारण भूमिकेची ती गरज असते. ज्या शिक्षकांना मुलांनी पुस्तकी मराठी बोलावी असे वाटते, त्यांनी बोलीवर छडी उगारण्याऐवजी वर्गात एक टपाल कचेरी व एक दवाखाना मांडून पाहावा.

गावाचा खेळ

प्रत्येक गावाचे खेळ निराळे असतात, आणि ते पुस्तकातून घेऊ नयेत. ऊसपट्ट्यात गुऱ्हाळ व साखर कारखान्याचा वजनकाटा येतो; तासगावकडे द्राक्षांची पेटी भरणे येते; कृष्णाकाठी हरिपूरच्या बाजूस, जेथे जमिनीतील पेवांत हळद साठविण्याची जुनी चाल होती, तेथे मुलांनी वाळूत खड्डा करून 'पेव' भरले तर आश्चर्य नाही. एस. टी.चा खेळ सर्वत्र आहे. कराडहून पाटणास जाताना मल्हारपेठ आधी की नंतर, यावरून प्रवासी व कंडक्टर यांची जुंपली की भूगोल आयताच सुरू होतो. नंदीबैलवाला, वासुदेव, बहुरूपी ही मंडळी आता गावात क्वचित येतात, पण मुलांच्या खेळात ती अजून टिकून आहेत.

सणांपैकी दोन सण शाळेने आपलेसे करावे असे आहेत. बेंदराला मातीचे बैल होतात. बैल विकत आणण्याऐवजी मुलांनी स्वतः चिखल मळावा. शिंग मोडले तर का मोडले, माती ओली होती की कोरडी, हे त्यांनी आपसांत ठरवावे. दुसरा सण दिवाळीचा, कारण तेव्हा किल्ला येतो. दगड, विटा, पोती, तांबडी माती यांचा डोंगर उभा राहतो, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून झाडी उगवते, मावळे पहाऱ्यास बसतात. या उद्योगात मुले किती गोष्टी करतात! उतार फार झाला तर माती घसरते, हे त्यांना कळते. पायऱ्या मावळ्याच्या मापाने हव्यात की आपल्या बोटाच्या, यावर वाद होतो. प्रमाण म्हणजे काय, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. मोठी मुले अजिंक्यतारा की प्रतापगड, असा आग्रह धरतात आणि धाकटी पाणी आणतात. प्लॅस्टरचा तयार किल्ला बाजारात मिळू लागल्यापासून हे सारे श्रम वाचले आहेत, आणि श्रमांबरोबर शिक्षणही वाचले आहे! दिवाळीच्या सुट्टीमुळे किल्ला घरी होतो, शाळेत नाही. परंतु सुट्टीनंतर शाळेच्या आवारात एक सामाईक किल्ला करावयास हरकत नसावी. शिक्षकांनी त्यात एकच नियम घालावा : विकत आणलेली कोणतीही वस्तू नको.

येथे स्नेहसंमेलनातील नाट्यछटांचा कल्पनेच्या खेळाशी होणारा घोटाळा दूर केला पाहिजे. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या भागात नाटकाची हौस असणारच, आणि ती चांगलीच आहे. पण पाठ केलेली भाषणे, शिवलेले पोषाख व समोर बसलेले पाहुणे हा प्रेक्षकांसाठी केलेला प्रयोग होय. कल्पनेच्या खेळाला प्रेक्षक नसतात. पाहुणे पाहू लागताच सहा वर्षांचे मूल खेळायचे थांबते आणि 'करून दाखवू' लागते. अधिकारी भेटीस आले असता 'बाजार करून दाखवा' अशी आज्ञा देऊ नये. त्यांना पाहावयाचेच असेल, तर पिशवी देऊन गिऱ्हाईक म्हणून पाठवावे.

खेळात दुःख येते तेव्हा

मूल जे पाहते ते खेळते. तेव्हा खेळात भाकरी येते तशी दारूही येते. लग्न येते तशी बायकोला मारहाणही येते. सावकार येतो, जप्ती येते. कृष्णा-वारणेच्या काठच्या मुलांनी २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर पाहिला, पुन्हा २०२१ साली पाणी पाहिले. अशा प्रसंगानंतर मुलांनी बाके उलटी करून होडी केली, बाहुल्यांना छपरावरून 'उतरविले', तर त्यांना दटावू नये. जे घडताना मूल असहाय होते, तेच खेळात ते स्वतः घडविते व थांबवूही शकते. एरवी शब्दांत न सांगता येणारी गोष्ट ते हातांनी सांगत असते.

मारहाणीचा खेळ दिसताच "असले घाणेरडे खेळ खेळायचे नाहीत" म्हणून मोडून टाकला, तर तो भिंतीमागे जातो. त्याऐवजी बाईंनी शेजारीण होऊन दार वाजवावे : "काय गडबड आहे? चला, मी पोलीसपाटलांना बोलावते." खेळाला दुसरी वाट आहे, एवढे मुलांना कळले म्हणजे झाले. पुढे कसे जावे हे पुष्कळदा तीच ठरवितात. मात्र एखादे मूल दिवसांमागून दिवस एकटेच तोच दुखरा प्रसंग खेळत असेल, त्यात काहीच बदलत नसेल, तर ती गोष्ट शिक्षकांनी गंभीरपणे घ्यावी, घरी जाऊन यावे आणि आवश्यक तेथे मदत मिळवावी. तो विषय वर्गात चर्चेस घेऊ नये.

भूमिकांची वाटणी हेही नाजूक प्रकरण आहे. मुली नेहमी चुलीपाशी, मुलगे नेहमी ट्रॅक्टरवर. एखाद्या वस्तीतील मुलास नेहमी हमालाचे किंवा झाडूचे काम, आणि पाटलाचे काम ठरावीक घरच्या मुलाकडे. गावातील उतरंड खेळात जशीच्या तशी उतरते. खेळात ढवळाढवळ करू नये असे वर म्हटले आहे. येथे मात्र करावी. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटाव्या, किंवा कंडक्टरची पिशवी आज कोणाकडे, याची पाळी भिंतीवर लिहावी. पाळी लिहिलेली असली की मुले ती बारकाईने वाचू लागतात, हा त्यातील आणखी एक लाभ.

ऊस हंगामात, दिवाळीच्या आगेमागे, बीडकडून व इतर जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांची मुले वर्षाच्या मध्यातच आपल्या वर्गात दाखल होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जातात. अशा मुलास पुस्तकाचे पान सापडत नाही, शेजारी ओळखीचा नसतो, बोलीवरून हसे होते. त्याला आल्याबरोबर वाचावयास उभे करणे म्हणजे त्याचा पराभव सर्वांपुढे मांडणे होय. बाजाराच्या खेळात त्याला जागा करून द्यावी. कोपी कशी उभारतात, मोळी कशी बांधतात, ट्रॉली कशी भरतात, हे वर्गातील इतर मुलांपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. ज्या दिवशी गावातील मुले त्याला विचारतात, "आरं, मोळी आशी बांधायची का?", त्या दिवशी ते मूल खऱ्या अर्थाने पटावर येते.

दोन शिक्षकी शाळेत

"चार वर्ग, दोन शिक्षक, खेळ केव्हा घ्यावा?" ही अडचण खरी आहे, ती बाजूस सारता येणार नाही. पण खेळाची घडी बसली म्हणजे हा असा काळ असतो, की ज्यात पहिली-दुसरीची मुले शिक्षकांवाचून गुंतून राहतात व त्या चाळीस मिनिटांत तिसरी-चौथीकडे लक्ष देता येते. घडी बसण्यास मात्र सुरुवातीचे दोन-तीन आठवडे शिक्षकांनी जवळ असणे अवश्य आहे. व्हरांड्याचा एक कोपरा चुन्याच्या रेघेने आखून घ्यावा. साहित्याचे दोन डबे पुरेत. पावसाळ्यात ते जमिनीवर ठेवू नयेत, पाला रोजचा रोज टाकून द्यावा, चिंचोक्यांना कीड लागते ते उन्हात घालावे. लहान मुलांच्या हाती नाकात-कानात जाईल असे धान्य किंवा मणी देऊ नयेत. जवळ अंगणवाडी असल्यास आठवड्यातून एकदा तेथील मुलांना बाजारास बोलवावे. पाच वर्षांचे मूल सात वर्षांच्या मुलाकडून जे भराभर उचलते, ते आपल्याकडून उचलत नाही, आणि पुढील जूनमध्ये तेच मूल पहिलीत अनोळखी म्हणून येत नाही.

पालकांचा प्रश्न शेवटी येतोच : "खेळायलाच धाडायचं, तर घरी काय वाईट होतं?" यावर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पालकसभेच्या दिवशी भिंतीवर पहिल्या आठवड्यातील नागमोडी पावती व दोन महिन्यांनंतरची आकडे-अक्षरे असलेली पावती, त्याच मुलाची, शेजारी शेजारी लावावी. बाजारहाट करणाऱ्या आईला या दोन कागदांतील फरक सांगावा लागत नाही.

याकरिता पावत्या जपून ठेवाव्या लागतात व थोडी नोंद करावी लागते. एक साधी वही पुरे. रोज प्रत्येक मुलाविषयी लिहिणे अशक्य आहे. दिवसाला दोन मुले घ्यावी. खेळात ते कोण होते, कोणती वस्तू कशाची म्हणून वापरली, कोणता नवा शब्द बोलले, कोणाबरोबर खेळले किंवा एकटे राहिले, एवढ्या चार ओळी. 'छान खेळला', 'उत्साही आहे' असले शेरे लिहू नयेत. त्यांतून पुढे काहीच कळत नाही. "बुरकुंडाचा टेलिफोन केला, 'गाडी लेट आहे' म्हणाला, शेवटपर्यंत कोणाला फोन दिला नाही" ही नोंद तीन महिन्यांनी वाचली तरी मूल डोळ्यांपुढे उभे राहते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी केंद्रातील शिक्षक एकत्र येतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या वहीतील अशा चार नोंदी वाचून दाखवाव्या आणि आपल्या गावची मुले कोणता खेळ खेळतात ते सांगावे. बहुतेकांजवळ दुसऱ्या गावास ठाऊक नसलेला एखादा खेळ निघेल.